बनाजीचा फेरा

बातमी गावात पोचायच्या आधीच सामाजी मुकादमाच्या अंगणातले हंडे पालथे कसे झाले?

हा प्रश्न बनाजीनं जन्मभर विचारला आणि जन्मभर त्याला कोणी उत्तर दिलं नाही. तेव्हा ऐकणाऱ्यांनो, तुम्हीही उत्तराची वाट पाहू नका. ही गोष्ट विचारणाऱ्याची आहे.

रेवदंड्याच्या खाडीवर पूल नव्हता, माणसं होडीनं ये-जा करत, त्या काळातली ही हकिकत. खाडीच्या बांधालगत खारकोंड नावाचं गाव होतं. गावात आगरी होते, कोळी होते, आणि एका आळीत अकरा घरं बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, होती. ही माणसं तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाण्याला हात लावत नसत, म्हणून सगळा मुलूख त्यांना शनिवार तेली म्हणे. पोथ्या त्यांच्याजवळ नव्हत्या. शमा नावाची एक प्रार्थना सगळ्यांना तोंडपाठ होती, बाकीचा धर्म त्यांनी चालीरीतींत जपला होता.

त्यातली एक रीत अशी. आळीत कोणी वारलं की त्या घरातलं साठवणीचं पाणी अंगणात ओतून द्यायचं आणि हंडे-कळश्या पालथ्या घालायच्या. मग शेजारच्यांनीही तसंच करायचं. 'गेला' हा शब्द कोणी तोंडातून काढायचा नाही. ओलं अंगण बघून ज्यानं त्यानं समजायचं.

बनाजी तेव्हा अठरा वर्षांचा होता. डोक्यानं तापट, पंतोजीकडे जेमतेम एक पावसाळा बसलेला. आईबाप लहानपणीच गेलेले, थोरल्या भावानं, आरोनजीनं, त्याला वाढवला होता. दोघांचा मिळून एक घाणा आणि एक बैल.

एका मंगळवारी आरोनजी बांधावरची उघाडी बघायला गेला. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला जी दारं असतात, ती उघाडी. जेवायची वेळ टळून गेली तरी तो आला नाही, म्हणून बनाजी शोधायला निघाला. ओहोटी लागली होती. उघाडीच्या दाराशी, गुडघाभर पाण्यात, आरोनजी पालथा पडला होता. बनाजीनं त्याला ओढून बांधावर घेतलं, हाका मारल्या, छाती चोळली. मग अंगावरचं उपरणं त्याच्यावर पसरलं आणि तो गावाकडे धावत सुटला. बांधावर दुसरं माणूस नव्हतं.

आळीच्या तोंडाशी पहिलं घर सामाजी मुकादमाचं. मुकादम म्हणजे त्या अकरा घरांचा कारभारी. अंगणाशी येताच बनाजीचे पाय थांबले. तीन हंडे पालथे होते. पाणी अजून मातीत जिरत होतं.

मुकादमाची बायको सेगुलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तेव्हा ती असेल तिशीची.

"काकी, कोण गेलं?" बनाजीनं विचारलं.

तिनं त्याच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं. मग सूप उचललं आणि आत गेली.

बनाजी पुढं पळाला. सबंध आळीत दुसरा एकही हंडा पालथा नव्हता. त्या दिवशी अकरा घरांत दुसरं कोणी वारलंही नव्हतं.

आता लोक काय काय म्हणतात, तेही सांगतो. कोणी म्हणतात, हंड्यात पाल पडली म्हणून पाणी ओतलं. पण मग तसं सांगायला काय हरकत होती? कोणी म्हणतात, सेगुलाबाई माडांत झावळ्या गोळा करायला गेली होती, तिथून तिला उघाडी दिसली. पण मग तिनं हाक का मारली नाही? आणि कोणी आवाज खाली करून तिसरंच सांगतात. महिन्याभरापूर्वी आरोनजी चारचौघांत म्हणाला होता की मुकादमाचा घाणा शनिवारी कुरकुरलेला मी या कानांनी ऐकला. शनिवार तेल्यावर याहून मोठा आळ नाही. ते ऐकून सामाजी उठून चालता झाला होता.

मयताच्या घरच्यांनी सात दिवस उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत. बनाजीनं तो तिसऱ्याच दिवशी ओलांडला. तरातरा मुकादमाच्या अंगणात गेला आणि एकेक हंडा उचलून बुडाशी बघायला लागला.

सामाजी बाहेर आला. "काय शोधतोस?"

"मंगळवारी हे पालथे का होते?"

"कुठले हंडे?"

"हे. तीन."

"बनाजी, घरी जा," सामाजी म्हणाला. "तुझे सात दिवस चाललेत."

"हे उत्तर नव्हे, मुकादम."

तोवर माणसं जमली आणि त्याला धरून घरी घेऊन गेली.

सातव्या दिवशी मलिदा झाला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, पाच फळं असं ताट भरायचं, एलियाहू नबीची आठवण करायची आणि घरातल्या आणि आळीतल्या मेलेल्यांची नावं घ्यायची. नावं मुकादमानं घ्यायची. सामाजीनं बनाजीच्या आजाचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आणि आरोनजीचं घेणार तोच बनाजीनं ताटावर आडवा हात धरला.

"त्या तोंडानं माझ्या दादाचं नाव घ्यायचं नाही. माझं उत्तर मिळत नाही तोवर या आळीत कोणीच घ्यायचं नाही. मीसुद्धा घेणार नाही."

आणि कोणी अडवायच्या आत त्यानं शमा म्हणून शपथ घातली. शमेवर घातलेली शपथ मोडायची कोणाची छाती होती? त्या दिवसापासून खारकोंडात मलिदा व्हायचा तेव्हा बनाजीच्या बापाच्या नावानंतर एक श्वासभर सगळे गप्प राहायचे. तेवढीच आरोनजीची जागा.

बनाजीला वाटलं होतं, आठवड्यात कोणीतरी बोलेल. वर्ष गेलं, कोणी बोललं नाही.

मग त्याच्या मनानं घेतलं की जे एकदा झालं ते पुन्हा होईल, आणि त्या वेळी आपण तिथं असायचं. आळीत कोणी वारलं की तो सगळ्यांच्या आधी अंगणात हजर. हंड्यांकडे बघायचा, मातीत बोट खुपसून ओल बघायचा आणि विचारत सुटायचा. पाणी कोणी ओतलं? कधी ओतलं? जवळ कोण होतं? शेवटचं काय बोलला? कोणाशी वाकडं होतं?

लोक कावले. "आला फौजदार," म्हणायचे. सुना सासूला चिडवायच्या, "आत्याबाई, खोकू नका. बनाजी दारात येऊन बसेल." पण त्याला हाकलणार कोण? मयताच्या दारातून माणसाला घालवायचं नाही, अशीही रीत होतीच.

इसाजी नावाचा माणूस माडावरून पडून मेला. बनाजीनं त्याच्या बायकोला, मिलकाबाईला, विचारलं, "शेवटी काय बोलला?"

"म्हणाला, भात करपतोय."

"करपत होता?"

"होता."

"मग ठीक," बनाजी म्हणाला आणि गेला.

पण एका विचारण्यानं त्याचं समाधान होईना. खोटं बोलणारा एकदा नीट बोलतो, दुसऱ्यांदा चुकतो, असं त्याच्या मनात बसलं होतं. म्हणून वर्ष उलटलं की त्याच तिथीला तो त्याच दारात उभा. लिहायला येत नव्हतं, तेव्हा सगळं डोक्यात. "मिलकाबाई, भात कोणी घातला होता चुलीवर? मीठ घातलं होतं का? करपला हे त्याला माडावर कसं कळलं?"

"नाक होतं तसलं," मिलकाबाई म्हणाली. "कुठं काय शिजतंय ते घाण्यावर बसून सांगायचा. एकदा तर तुझ्या भा... जाऊ दे." शपथ आठवून ती थांबली. मग नवऱ्याच्या नाकाबद्दल आणखी घटकाभर बोलली. बनाजी संशयानं ऐकत राहिला, आणि ऐकलेलं त्यातलं काही विसरला नाही.

रिबकाबाईचा मुलगा नऊ दिवसांचा होऊन गेला होता. नऊ दिवसांच्या पोराचं कोण काय आठवणार? ते नाव मलिद्यात घेत नसत, कारण नावच ठेवलं नव्हतं. बनाजी तिथंही गेला. "जवळ कोण होतं?" विचारलं. "मी," ती म्हणाली. "रडायचा कसा?" त्यानं विचारलं, कारण त्याला बघायचं होतं की आजार खरा होता की नाही. रिबकाबाई हातातलं काम ठेवून ओट्यावर बसली. तिला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग तिनं सांगितलं की रडायच्या आधी तो मूठ उघडायचा, आणि रडून झालं की मिटायचा. पुढल्या वर्षी त्या तिथीला बनाजीला यायला उशीर झाला, तर ती दारात येऊन वाट बघत होती.

अशी वर्षं गेली. खारकोंडात कोणी गेलं तर ते कसं बोलायचं, काय खायचं, कोणावर रागवायचं, हे सगळं वर्षाच्या वर्षाला अंगणात बोललं जाऊ लागलं. असं म्हणतात, बनाजीसमोर कोणी मेलेल्याबद्दल खोटं बोललं तर पालथा हंडा आपोआप वाजायचा. असं म्हणतात, ज्या दारात त्याचा फेरा असायचा त्या घरच्या विहिरीचं पाणी त्या दिवशी हातभर वर यायचं. तो मात्र कोणाकडे पाणी प्यायचा नाही. त्याचा कोणावर विश्वास नव्हता.

वीस वर्षांनी सामाजी मुकादम गेला. बनाजी अंगणात उभा राहिला. सेगुलाबाईनं त्याच्यादेखत हंडे पालथे केले.

"पाणी कोणी ओतलं?" त्यानं विचारलं.

"बघतोयस की. मी."

"कधी?"

"या वेळी नंतर."

"आणि त्या वेळी?"

ती आत गेली.

आणखी वीस वर्षं गेली. बनाजी म्हातारा झाला, सेगुलाबाई त्याहून म्हातारी. तिचे मुलगे पलटणीत दूर कुठं तरी. ती अंथरुणाला खिळली आणि शेजारणी म्हणाल्या, आता चार दिवसांची सोबत. हे कानावर येताच बनाजी घाणा सोडून निघाला. बैलाच्या डोळ्यांवरची झापडं काढायचंही त्याला भान राहिलं नाही. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते या बाईबरोबर मातीत जाणार होतं.

तो उशाशी बसला. "काकी, विचारायला आलोय."

"माहीत आहे."

"त्या मंगळवारी."

"ते नको. दुसरं विचार."

"दुसरं काय विचारायचं?"

"तेच तर," सेगुलाबाई म्हणाली. "सगळ्यांचं सगळं विचारलंस. त्या एकाचं चाळीस वर्षांत दुसरं काही विचारलं नाहीस. बरं, तू सांग मला. कसा होता रे आरोनजी?"

चाळीस वर्षांत ते नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं. बनाजी ताडकन उठला. "काकी, शपथ आहे."

"तुझी. मी घेतली नव्हती. बस खाली आणि सांग, कसा होता?"

बनाजी खाली बसला. त्यानं तोंड उघडलं. इसाजीचं नाक त्याला सांगता आलं असतं, नऊ दिवसांच्या पोराची मूठ सांगता आली असती. पण भाऊ म्हटलं की त्याला उघाडीचं दार दिसलं, पाण्यातली पाठ दिसली, तीन हंडे दिसले. त्याच्या मागं काही नव्हतं. आवाज आठवेना. उंच होता की बुटका, तेसुद्धा त्याला धड सांगता येईना. ते नाव त्यानंच सगळ्यांच्या तोंडून काढून घेतलं होतं, आणि ते जाता जाता माणूसही घेऊन गेलं होतं.

"मला नाही आठवत," तो म्हणाला. असं म्हणतात, त्या दिवशी बनाजी पहिल्यांदा रडला. अठराव्या वर्षी तो रडला नव्हता, तेव्हा त्याला राग आला होता.

सेगुलाबाईनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "पाणी दे मला. आणि तूही घे. विष नाही त्यात."

तो प्याला.

मग ती सांगू लागली. "घाण्याच्या बैलाला तो गोष्ट सांगायचा. सकाळी डोळे बांधले की म्हणायचा, चल गड्या, मुंबईला जायचंय. एक फेरी झाली की म्हणायचा, हे चौल आलं. मग नागाव, मग अलिबाग. संध्याकाळी झापडं सोडताना त्याला सांगायचा, आज खाडी लागली, उद्या बघू. आम्ही विहिरीवर बायका हसून हसून बेजार व्हायचो. प्रार्थनेत सगळ्यांच्या आधी आमेन म्हणायचा, त्याला दम निघत नसे. त्याच्यामुळे सगळ्यांची प्रार्थना अर्ध्यावर तुटायची. शुक्रवारच्या दिव्याला पहिल्या धारेचं तेल तो अकरा घरांत वाटायचा. आमच्याही. भांडण झाल्यावरही. आणि तू पाच वर्षांचा होईस्तोवर त्याच्या हातून काटा काढल्याशिवाय मासा खायचा नाहीस. काटे काढता काढता स्वतःचं गार व्हायचं त्याचं."

"पाला मासा," बनाजी एकदम म्हणाला. "त्याला काटे फार. दादा तो मांडीवर ठेवायचा, केळीच्या पानावर. आणि म्हणायचा..." आणि भावाचा आवाज त्याच्या कानात आला. असं म्हणतात, बनाजी हसला तेव्हा शेजारणी घाबरून आत धावल्या, कारण तो आवाज आळीत कोणी ऐकला नव्हता.

दोन दिवस सेगुलाबाई बोलत होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या मंगळवारचं मात्र ती काही बोलली नाही. घरात तिचं कोणी नव्हतं, म्हणून पाणी बनाजीनं ओतलं.

सातव्या दिवशी मलिद्याला त्यानं सांगितलं, नावं मी घेतो. शपथ मोडल्याचा जाब देवाला मी देईन. त्यानं सेगुलाबाईचं नाव घेतलं, आपल्या आजाचं घेतलं, बापाचं घेतलं. मग 'आरोनजी' असं नाव घेतलं, आणि त्यानंतर सगळ्यांच्या आधी आमेन म्हणाला. जाणती माणसं ओळखून हसली.

संशय गेला असं नाही. असं म्हणतात, मुकादमाच्या अंगणावरून जाताना तो शेवटपर्यंत मान वळवून बघायचा.

हळूहळू आळी रिकामी होत गेली. कोणी मुंबईला गिरणीत गेलं, कोणी पलटणीत, कोणी बोटीवर. अकराची तीन घरं राहिली आणि बनाजी नव्वदीला टेकला. आता हे सगळे लोक डोक्यातून कुठं उतरवायचे? जे निघून चालले होते त्यांना ऐकायला वेळ नव्हता. मग एक दिवस त्यानं आगरवाड्यातल्या हिरू आगरणीला बोलावलं. हिरूची शेती बांधाला लागून होती आणि तिची आठवण सगळ्या गावात पक्की होती.

"हिरू, बस. माणसं सांगायची आहेत."

"बनाकाका, आमची माणसं नव्हं ती. आम्ही कशाला ध्यानात ठेवायची?"

"म्हणूनच तुला सांगतो. तुला खोटं बोलायचं काही कारण नाही."

बांधावरच्या भेंडीच्या झाडाखाली ती दोघं बसली. शनिवार वगळून आठ दिवस तो सांगत होता. असं म्हणतात, त्या आठ दिवसांत खाडीची भरती बांधापर्यंत आली नाही, अलीकडेच थांबून राहिली. दुसऱ्या दिवसापासून आगरणी, कोळणी, कामावरून परतणारी माणसं, सगळी येऊन बसायला लागली.

आज खारकोंडात बेने इस्राएलांचं एकही घर उघडं नाही. पण कबरस्तान शाबूत आहे. मुंबईहून किंवा सातासमुद्रापलीकडून कोणी आपल्या आजा-पणजाची कबर शोधत आलं, तर आगरवाड्यातली माणसं त्याला आधी भेंडीखाली बसवतात. पाणी देतात. मग म्हणतात, "कोणाकडचे? तो कसा होता, सांगा." येणाऱ्याला बहुतेक वेळा काही माहीत नसतं. मग तीच माणसं त्याला सांगतात, त्याच्या पणजाला भात करपल्याचा वास माडावर कसा यायचा ते. आणि दुसऱ्या वर्षी तो आला तर त्याच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतात. चुकला तर चहा उशिरा मिळतो. याला गाव अजून बनाजीचा फेरा म्हणतं.

पण आठवा दिवस सांगायचा राहिला. बनाजीनं दहा घरांतली माणसं सांगून संपवली होती. राहिलं होतं आळीच्या तोंडाशी असलेलं एकच घर. त्या दिवशी भेंडीखाली बसायला जागा नव्हती. सगळ्यांना वाटलं, आज म्हातारा ओकणार.

बनाजीनं काठी झाडाला टेकवली. मग म्हणाला, "सामाजी मुकादम. डाव्या पायानं लंगडा. आंबट खाल्लं की डोळे मिटायचा. पटकीच्या साली आळीत नऊ पुरुष गेले. मयतांना शिवायला कोणी तयार नव्हतं. त्या नऊंना त्यानं एकट्यानं न्हाऊ घातलं, पांढरं कापड नेसवलं, मातीपर्यंत नेलं. त्यातला चौथा माझा बाप. बायकांना सेगुलाकाकीनं न्हाऊ घातलं. त्यातली दुसरी माझी आई."

हिरूनंच विचारलं, "आणि हंडे, काका? ते पाणी?"

"ते मला माहीत नाही. मला माहीत नाही ते तू ध्यानात धरू नकोस. नऊ जण धर."

"बरं."

"म्हण बघू."

हिरू म्हणाली, "सामाजी मुकादम. उजव्या पायानं लंगडा. आंबट खाल्लं की..."

"डाव्या," बनाजी म्हणाला. "नीट सांग. डाव्या पायानं. पुन्हा पहिल्यापासून."

ती पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. या वेळी एकही चूक झाली नाही. बनाजीनं मान हलवली, काठी घेतली आणि तो घरी गेला.